खाणीविरुद्ध बोललं तर संस्थेची नोंदणी जाते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या कोळसा पट्ट्यातली एक छोटी संस्था. सोसायटी म्हणून नोंदलेली, धर्मादाय कार्यालयाचा एफ नंबर (नोंदणी क्रमांक) आहे, ८०-जी म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता आहे. दहा-बारा वर्षांपासून उन्हाळ्यात वणवा विझवणं, गावतलावाचा गाळ काढणं, शाळांत निसर्गशिबिरं घेणं असं काम. आता शेजारच्या खुल्या कोळसा खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी लागली आहे आणि संस्थेला विरोध नोंदवायचा आहे. सरपंच म्हणतात, धर्मादाय संस्थेनं राजकारण केलं की नोंदणी रद्द होते. तालुक्याचा बातमीदार म्हणतो, बातमी लावतो, पण कंपनीची बाजूही तेवढीच द्यावी लागेल. सीए म्हणतात, गप्प बसा. यातलं खरं किती?

सरपंचांचं म्हणणं चूक आहे. बातमीदाराचं अर्धं बरोबर आहे. आणि सीएंनी हा सल्ला बहुधा तुमच्या फायली बघून दिला असावा, म्हणून तो सगळ्यात गांभीर्यानं घ्या. संस्थेवर कारवाई होते ती तिनं मत मांडलं म्हणून क्वचितच. ती होते थकलेल्या चेंज रिपोर्टपायी (विश्वस्त किंवा घटना बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला द्यायची नोंद), न दिलेल्या हिशेबापायी, चुकीच्या खात्यात घेतलेल्या पैशापायी. विरोधकाला तुमचं मत नको असतं, पण तक्रार तो कागदावर करतो, कारण मतावर करायला कायद्यात फारशी जागाच नाही.

‘राजकारण’ या शब्दाचे गावात दोन अर्थ आहेत. एक म्हणजे पक्ष, उमेदवार, निवडणूक. दुसरा म्हणजे सरकारी निर्णयावर मत देणं: ही खाण हवी की नको, पाणी कुणाला, गायरान कुणाचं. पहिल्या अर्थाचं राजकारण धर्मादाय संस्थेला वर्ज्य आहे आणि ते तसंच असलं पाहिजे. दुसऱ्या अर्थाचं राजकारण केल्याशिवाय पर्यावरणाचं काम होतच नाही. आपण मार्चपासून मेपर्यंत झाडपाल्याचे झोडपे घेऊन ज्या जंगलातला वणवा विझवतो, तेच जंगल एका सहीनं खाणीसाठी वळतं होत असेल आणि त्यावर आपण गप्प राहत असू, तर देणगीदाराच्या पैशाचं आपण काय केलं?

कायदा काय म्हणतो ते बघा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ९ मध्ये धर्मादाय हेतूंत गरिबी-निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत यांच्यासोबत ‘सार्वजनिक उपयोगितेचं इतर कोणतंही उद्दिष्ट’ येतं. आयकर कायदा, १९६१ च्या कलम २(१५) मध्ये २००९ सालापासून पर्यावरणाचं जतन, म्हणजे पाणलोट, वनं आणि वन्यजीव यांसह, हा स्वतंत्र धर्मादाय हेतू म्हणून लिहिलेला आहे. या स्वतंत्रपणाला किंमत आहे. ‘सार्वजनिक उपयोगिता’ या सर्वसाधारण गटातल्या संस्थांना व्यापारी स्वरूपाच्या उत्पन्नावर एकूण जमेच्या २० टक्क्यांची मर्यादा असते, पर्यावरण जतनाच्या गटाला ती लागत नाही. रोपवाटिकेतली रोपं विकणाऱ्या संस्थेला हा फरक थेट खिशाला जाणवतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात, तेव्हा पुढचे अर्ज आणि ठराव लिहिताना जुने क्रमांक तसेच उतरवू नका.

न्यायालयांनी हा प्रश्न इंग्रजांच्या काळातच हाताळला आहे. लाहोरच्या ट्रिब्यून या वर्तमानपत्राचा ट्रस्ट धर्मादाय आहे का, असा वाद होता. लोकमत घडवणारं पत्र चालवणं म्हणजे राजकारण, असं आयकर खात्याचं म्हणणं. प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे लंडनच्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं, १९३९ मध्ये ते सार्वजनिक उपयोगितेचं काम मानलं. वर्धेकरांना खादीचं काम करणारा चरखा संघ सांगायला नको. १९२५ साली काँग्रेसच्या ठरावातून तो जन्मला आणि गांधीजी त्याचे प्रमुख. तरीही १९४४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं त्याचा हेतू गरिबांना काम देण्याचा, म्हणून धर्मादाय ठरवला. जन्म कुठल्या पक्षाच्या मांडवात झाला यापेक्षा संस्थेचा हेतू काय आणि पैसा कुठे जातो, हे बघितलं गेलं. बाहेरच्या देशांतही वारं त्याच दिशेनं वाहिलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयानं २०१० मध्ये आणि न्यूझीलंडच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये, सरकारी धोरणावर मोहीम चालवली एवढ्यावरून संस्थेचा धर्मादायपणा जात नाही, अशी भूमिका घेतली. न्यूझीलंडचा खटला तर ग्रीनपीसचाच होता.

‘करसवलत घेता म्हणजे जनतेचा पैसा घेता, मग मत कशाला देता?’ असं चावडीवर हमखास विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे, उत्तर सरळ आहे. कंपनी सुनावणीच्या आठवड्यात पानभर जाहिरात देते तेव्हा तो खर्च धंद्याचा खर्च म्हणून नफ्यातून वजा होतो, म्हणजे त्या आवाजालाही करात सूट मिळतेच. वर खासगी कंपनीला राजकीय पक्षाला देणगी देऊन त्यावर वजावट घेता येते, तुमच्या संस्थेला पक्षाला रुपयाही देता येत नाही. दोन्ही आवाजांना सूट आहे आणि बंधनं तुमच्यावर जास्त आहेत. त्या बंधनांबद्दल माझी तक्रार नाही. लोकांच्या विश्वासावर चालणाऱ्या संस्थेनं कंपनीपेक्षा जास्त खरं बोलावं, हिशेब जास्त उघडा ठेवावा, अशी अपेक्षा बरोबरच आहे. पण त्या अपेक्षेतून गप्प बसण्याची सक्ती निघत नाही.

आता कागद. संस्थेची घटना काढा आणि उद्देशांचं कलम वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच संस्थांची घटना झेरॉक्सच्या दुकानातल्या नमुन्यावरून झालेली असते: वाचनालय, व्यायामशाळा, शिवणवर्ग, अंगणवाडी आणि तिसाव्या क्रमांकावर ‘वृक्षारोपण करणे’. नुसत्या वृक्षारोपणाखाली खाणीवर आक्षेप बसवणं ओढाताणीचं आहे. ‘पर्यावरण, वन, जलस्रोत व वन्यजीव यांचे संरक्षण, त्याविषयी अभ्यास, जनजागृती व सनदशीर मार्गाने पाठपुरावा’ अशा अर्थाचं वाक्य असेल तर निर्धास्त राहा. नसेल तर दुरुस्ती करा, पण सुनावणीच्या तोंडावर घाईनं करू नका. सोसायटी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे उद्देश बदलायला आधी सभासदांना लेखी प्रस्ताव, दहा दिवसांच्या नोटिशीनं विशेष सभा, तीनपंचमांश मतं, आणि महिन्यानंतर दुसरी सभा, तिथेही तीनपंचमांश. मग ९० दिवसांच्या आत कलम २२ खाली चेंज रिपोर्ट. आणि आयकराच्या नोंदणीला धक्का लागेल असा बदल असेल तर ३० दिवसांत तिकडेही नवा अर्ज. यातली तिसरी पायरी लोक हटकून विसरतात आणि तीन वर्षांनी ८०-जीच्या नूतनीकरणात अडकतात.

घटनेत जागाच नसेल तर सरळ मार्ग आहे. या सुनावणीत संस्था म्हणून बोलू नका. गावकरी म्हणून, शेतकरी म्हणून, ग्रामसभा म्हणून बोला. जनसुनावणीत बोलायला कुठल्याही नोंदणीची गरज नाही.

दुसरा कागद म्हणजे परिशिष्ट-१ चा उतारा. धर्मादाय कार्यालयातून ताजा काढा आणि त्यावर विश्वस्त म्हणून कुणाची नावं आहेत ते बघा. गेल्या दोन निवडणुकांचे चेंज रिपोर्ट प्रलंबित असतील तर उताऱ्यावर जुनेच लोक दिसतील, त्यातला एखादा वारलेला, एखादा भांडून गेलेला. तो भांडून गेलेला माणूस नेमका सुनावणीच्या आठवड्यात जागा होतो आणि ‘खरा अध्यक्ष मीच, संस्थेचा या विरोधाशी संबंध नाही’ असं पत्र जिल्हाधिकाऱ्यांना देतो. मग तुमच्या आक्षेपातल्या पाण्याच्या आकड्यांवर कुणी बोलत नाही, सगळी चर्चा अध्यक्षपदावर घसरते. प्रलंबित असला तरी चेंज रिपोर्ट दाखल केल्याची पोच आणि क्रमांक जवळ ठेवा, त्यानंही पुष्कळ निभावतं.

हिशेब ३१ मार्चला बंद, लेखापरीक्षण आणि अहवाल सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत. परिशिष्ट ८ ताळेबंद, परिशिष्ट ९ जमाखर्च. वारंवार हिशेब न देणं हे कलम ४१-डी खाली विश्वस्ताला निलंबित किंवा दूर करण्याचं थेट कारण आहे. त्या कलमातली कारणं एकदा वाचून बघा: हिशेबात कसूर, आदेश न पाळणं, अफरातफर, विश्वासभंग, विश्वस्तपदाशी विसंगत असं पद घेणं, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा. ‘सरकारी प्रकल्पाला विरोध’ त्या यादीत नाही. आयकरातही नोंदणी रद्द करायला ‘विनिर्दिष्ट उल्लंघन’ लागतं: पैसा उद्देशाबाहेर खर्चणं, उद्देशाशी नातं नसलेला धंदा, काम खोटं असणं, दुसऱ्या कायद्याचा भंग अंतिमपणे सिद्ध होणं. तिथेही मत नाही. पण उद्देशाबाहेरचा खर्च आहे, म्हणून पुन्हा घटनेतल्या त्या वाक्याशीच आपण येतो.

तिसरा कागद ठराव. कार्यकारिणीची सभा नोटीस देऊन घ्या, गणपूर्ती मोजा आणि इतिवृत्त पुस्तकात साधा ठराव लिहा: ‘अमुक खाणीच्या विस्तारामुळे अमुक गावांच्या विहिरी, नाला व लगतच्या जंगलावर होणाऱ्या परिणामांबाबत संस्थेच्या उद्देश क्रमांक अमुकनुसार जनसुनावणीत लेखी व तोंडी म्हणणे मांडावे. यासाठी श्री./श्रीमती अमुक यांना अधिकृत करण्यात येत आहे. यासाठी कमाल रुपये अमुक खर्चास मान्यता. संस्था कोणत्याही राजकीय पक्षाशी वा उमेदवाराशी संलग्न नाही.’ सूचक, अनुमोदक, सह्या. एखाद्याचा विरोध असेल तर तोही नोंदवा. सभासदांत एखाद्याचा मुलगा खाणीत ठेकेदाराकडे डंपरवर असतोच, त्याला गद्दार ठरवू नका. त्याचं म्हणणं पुस्तकात आलं तर ठरावाचं वजन वाढतं.

पैशाचं थोडक्यात. बॅनर, झेरॉक्स, पाणी तपासणीची फी, गाडीचं डिझेल, सगळ्याची व्हाउचरं ‘पर्यावरण अभ्यास व जनजागृती’ या शीर्षाखाली. दोन हजारांवर रोख देणगी घेतली तर देणगीदाराला ८०-जीची सूट मिळत नाही, त्यामुळे चेक किंवा यूपीआय घ्या. निनावी पेटीतली रक्कम एका मर्यादेपलीकडे गेली की तिच्यावर ३० टक्के कर, म्हणून पावतीवर नाव-पत्ता हवाच. देणगीचं वार्षिक विवरण ३१ मेपर्यंत. आणि ज्या कंपनीच्या खाणीवर आक्षेप घेताय तिचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा, निधी घेतलेला असेल, शाळेच्या कुंपणासाठी का असेना, तर तो आधी स्वतःहून जाहीर करा. लपवलेला दहा हजारांचा चेक सुनावणीच्या व्यासपीठावरून वाचून दाखवला जातो. एखादी प्रतिस्पर्धी कंपनी मोहिमेला पैसा देऊ पाहत असेल तर घेऊ नका, कितीही गरज असो.

परदेशी पैसा हे वेगळं प्रकरण. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसेल तर पुण्या-मुंबईतून अमेरिकेत गेलेल्या आणि तिथलं नागरिकत्व घेतलेल्या भाच्याचे पाच हजारही ‘विदेशी अंशदान’ ठरतात. भारतीय पासपोर्टवाल्याचे त्याच्या कमाईतले पैसे ठरत नाहीत. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही, तेव्हा नागपूरची मोठी संस्था ‘आमच्या प्रकल्पातून देतो’ म्हणाली तर तो कुठला पैसा, हे लेखी विचारा. या कायद्यात ‘राजकीय स्वरूपाची संघटना’ असा एक शिक्का आहे. जनहितासाठी बंद, रास्ता रोको, जेलभरो करणाऱ्या कुणालाही तो नियमानं मारता येत होता. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं इंडियन सोशल ॲक्शन फोरमच्या खटल्यात तो नियम आक्रसला: सक्रिय राजकारणाशी किंवा पक्षीय राजकारणाशी संबंध असलेल्यांनाच तो लागेल. हा निकाल ठाऊक नसल्यानं कित्येक कार्यकर्ते अजून घाबरून आहेत.

निवडणुकीच्या दिवसांत मात्र कडक राहा. जिल्हा परिषद, पंचायत समिती लागली की खाणविरोधी माणसाला तिकिटाची विचारणा येतेच. त्यानं लढावं, तो त्याचा हक्क आहे, पण अर्ज भरण्याआधी विश्वस्तपद सोडावं आणि त्याचा चेंज रिपोर्ट जावा. संस्थेचं लेटरहेड, संस्थेच्या नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप, गाडी, सभागृहाची चावी, काहीही प्रचारात जाऊ नये. घसरण नेहमी व्हॉट्सॲपवर होते: ‘वनमित्र’ ग्रुपवर कुणी उमेदवाराचं चिन्ह टाकतो, ॲडमिन संस्थेचा सचिव असतो आणि स्क्रीनशॉट तक्रारीला जोडला जातो. ‘आमच्या सहा मागण्यांवर सर्व उमेदवारांनी लेखी भूमिका द्यावी’ असं सगळ्यांना एकसारखं पत्र चालतं. आलेली उत्तरं जशीच्या तशी छापा, खाली ‘म्हणून यालाच मत द्या’ लिहू नका.

आता बातमीदाराच्या ‘दोन्ही बाजू’. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या बाजूची निम्मी ताकद इथेच वाया जाते.

बाजू घेण्याचा प्रश्न प्रत्येक विधानाला लागत नाही. ‘खाणीच्या वाहतुकीच्या रस्त्यालगत धूळ मर्यादेपेक्षा जास्त आहे’ हे मोजायचं विधान आहे. देशाच्या मानकात पीएम-१० ची, म्हणजे हवेतल्या बारीक धूलिकणांची, २४ तासांची मर्यादा दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. आकडा १०० च्या वर आहे किंवा नाही. ‘सुनावणीची सूचना ३० दिवस आधी निघाली नाही’ हे कागदाचं विधान आहे. तारीख बघितली की निकाल लागला. ‘ही खाण होऊ नये’ हे मताचं विधान आहे आणि समतोल इथे हवा. खाणीत रोजगार बघणारा तरुण, जमिनीच्या मोबदल्यावर मुलीचं लग्न धरलेला कास्तकार, वीज लागणारं शहर, यांचं मत तुमच्या मताएवढंच छापलं गेलं पाहिजे. पण पहिल्या दोन विधानांना ‘कंपनीनं मात्र हे फेटाळलं’ अशी एक ओळ जोडली की वाचकाला वाटतं, दोन मतं आहेत. तिथे बातमीदाराचं काम आकडा किंवा तारीख तपासण्याचं आहे. हवामान बदलाच्या बातम्यांत बीबीसीला हाच धडा घ्यावा लागला. २०११ मध्ये जनुकशास्त्रज्ञ स्टीव्ह जोन्स यांच्या परीक्षणानं दाखवलं की शास्त्रज्ञांचं बहुमत आणि मूठभर नाकारणारे यांना सारखा वेळ दिल्यानं श्रोत्यांची दिशाभूलच होते. चंद्रपूरलाही हे लागू आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण होते आणि ते देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक समूहांत होतं. हे सरकारी मोजमाप आहे. ‘चंद्रपुरात प्रदूषण आहे की नाही’ यावर परिसंवाद भरवण्यात अर्थ नाही. ते कमी कसं करायचं आणि खर्च कुणी सोसायचा, यावर दहा बाजू असू शकतात.

बातमीदारावर राग धरू नका. तालुका प्रतिनिधीला मानधन तुटपुंजं, आणि पंधरा ऑगस्ट, दिवाळीच्या पुरवणीच्या जाहिराती त्यालाच गोळा कराव्या लागतात. जाहिरात कोण देतं ते सगळ्यांना दिसतं. त्याला तपासता येईल असं साहित्य हातात द्या, म्हणजे संपादकासमोर तो टिकतो. प्रेसनोट एका पानाची, तीनशे शब्दांच्या आत. पहिल्या परिच्छेदात एकच मुद्दा, आकडा आणि तारीख. सोबत मोजणीचा तक्ता, फोटोंच्या मूळ फाइल, अहवालातल्या पानाचा क्रमांक आणि कंपनीच्या जनसंपर्क अधिकाऱ्याचा फोन, स्वतःहून. ‘हजारो शेतकरी देशोधडीला’ असली भाषा काढा. तीन गावांतली चाळीस खातेदारांची जमीन जात असेल तर चाळीसच लिहा. एकदा फुगवलेला आकडा पकडला गेला की पुढचे खरे आकडेही पडतात, आणि ते पडताना मी फार वाईट वाटावं इतक्या वेळा पाहिले आहेत.

आकडे स्वतः कसे काढायचे? विहीर घ्या. काठावरचा एक दगड रंगवून खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा, कारण काठ सगळीकडे सारख्या उंचीचा नसतो. न ताणणारी दोरी, टोकाला वजन, दर मीटरला गाठ, उरलेलं टेपनं. मोटर बंद करून रात्रभर विहीर भरू द्यायची आणि पहाटे मोजायची. पंप चालू असताना घेतलेलं माप कुणीही खोडतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुम्हीही तेच महिने धरा म्हणजे तुलना होते. खाणीपासून दूरच्या, तशाच मुरमाच्या किंवा खडकाच्या दोन विहिरीही मोजा, नाहीतर ‘यंदा पाऊसच कमी’ एवढं उत्तर तुमचं सगळं काम पुसून टाकतं. सुरुंगानं घराला तडा गेला म्हणता? तड्यावर काचेची अरुंद पट्टी दोन्ही टोकांना प्लॅस्टरनं घट्ट बसवा आणि तारीख लिहा. तडा जुना आणि स्थिर असेल तर काच राहते, हलला तर फुटते. धुळीसाठी स्वस्त सेन्सर वापरत असाल तर पावसाळी दमट सकाळचे आकडे वापरू नका, ओलाव्यात ते फुगीर येतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे २४ तासांच्या नमुन्याची लेखी मागणी करा. वणी-घुग्घुस पट्ट्यात रस्त्यालगतच्या पऱ्हाटीवर कोळशाची भुकटी बसून बोंडातला कापूस करडा पडतो हे सगळ्यांनी पाहिलं आहे. पण पुरावा म्हणून जिनिंगची पट्टी, म्हणजे कापूस विकल्याची पावती, लागते: रस्त्यालगतच्या वावराचा आणि आतल्या वावराचा, एकाच दिवशीचा भाव.

खोटं किंवा एकांगी छापून आलं तर आधी संपादकाला लेखी खुलासा. तो छापला नाही तर प्रेस कौन्सिलकडे, दैनिकाच्या बाबतीत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत. कौन्सिल दंड करू शकत नाही, ताशेरे ओढते, पण ते कागदावर राहतात.

सुनावणी. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे ती प्रकल्पस्थळी किंवा अगदी जवळ व्हायला हवी, सूचना किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी, सगळ्याचं चित्रीकरण. गणपूर्तीची अट नाही, त्यामुळे बहिष्कार टाकून सुनावणी रद्द होत नाही, तुमचं म्हणणंच नोंदीबाहेर राहतं. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, ग्रामपंचायतीत बघायला मिळतो. मराठी सारांशावर थांबू नका, इंग्रजी अहवालातला पाण्याचा आणि वाहतुकीचा भाग एखाद्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. त्यात गावाचं नाव, नाल्याची दिशा, विहिरींची संख्या चुकलेली असते का बघा, इतर अहवालातून उचललेला मजकूर इथेच उघडा पडतो. विस्ताराचा प्रकल्प असल्यानं जुन्या परवानगीच्या अटी पाळल्या का, याचा प्रमाणित अहवाल केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाकडून लागतो. ते कार्यालय नागपूरलाच आहे. माहितीच्या अधिकारात मागा. कार्यालय केंद्राचं आहे, म्हणून दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, अर्ज पाचशे शब्दांच्या आत. सहामाही अनुपालन अहवालही मागा. मातीच्या ढिगाऱ्यांवर लावायची झाडं, गारलँड ड्रेन (भोवतीनं पाणी अडवणारा चर), रस्त्यावर पाणी मारणं, यातली कुठली अट कागदावर पूर्ण आणि प्रत्यक्षात कोरडी आहे, ते फोटोसह दाखवा. ‘खाण नको’ या शंभर भाषणांपेक्षा या एका तक्त्याला दिल्लीच्या तज्ज्ञ समितीत उत्तर द्यावं लागतं.

जंगल जात असेल तर ग्रामसभेचा रस्ता वेगळा आणि जास्त भक्कम आहे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ५ नं ग्रामसभेला जंगल, वन्यजीव आणि पाणलोट राखण्याचा अधिकार दिला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून हे गडचिरोलीत करून दाखवलं. ओडिशाच्या नियामगिरीत १८ एप्रिल २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराही ग्रामसभांनी नकार दिला. या ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची हजेरी लागते आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश महिला. रोवणीच्या किंवा तेंदूच्या हंगामात सभा लावली की गणपूर्ती पडते, तारीख बघून लावा. ग्रामसभा ही संस्था नाही, तिला ८०-जी नाही आणि तिची नोंदणी रद्द करण्याची धमकी देता येत नाही. तुमच्या संस्थेनं तिथे मागे बसून आकडे पुरवावेत.

सुनावणीच्या दिवशी लेखी म्हणणं दोन प्रतींत, एकीवर शिक्का आणि वेळ. बोलायला तीन मिनिटं मिळतील असं धरून चला: एक विहीर, एक रस्ता, एक तारीख. बाया बोलू द्या, पाण्याचं त्यांना जास्त ठाऊक असतं. घोषणांनी गोंधळ झाला तर ‘शांततेत पार पडली नाही’ एवढंच नोंदीत येतं. शेवटी इतिवृत्ताचा मसुदा मराठीत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. तोवर चार वाजलेले असतात, जेवणाची पाकिटं वाटून झालेली असतात, मांडव रिकामा होतो. किमान पाच जणांनी थांबायचं, वहीत स्वतःच्या मुद्द्यांवर खुणा करत ऐकायचं, सुटलेला मुद्दा तिथेच उठून सांगायचा आणि तो घातल्याशिवाय खाली बसायचं नाही. मग इतिवृत्ताची प्रत आणि चित्रीकरण मागणारा अर्ज दुसऱ्याच दिवशी द्यायचा.

परवानगी मिळालीच तर ती परिवेश या केंद्राच्या पर्यावरण परवानग्यांच्या पोर्टलवर येते आणि दोन स्थानिक पेपरांत जाहिरात निघते. दर सोमवारी कुणीतरी एकानं पोर्टल बघायचं काम अंगावर घ्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवस असतात. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ६०, त्यापुढे एकही नाही. महाराष्ट्राचं खंडपीठ पुण्याला आहे. चंद्रपूरहून कागद जायला, वकील ठरायला, कार्यकारिणीचा अपिलाचा ठराव व्हायला पहिले पंधरा दिवस असेच जातात, म्हणून तो ठराव आजच्या ठरावासोबतच करून ठेवा.